कचरा जळतो, धातू जळत नाहीत

बंगळुरूत डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा असतो. वस्तीतल्या रिकाम्या प्लॉटच्या कडेला, ज्याला तिथे सगळे ‘साइट’ म्हणतात, रात्रपाळीचा पहारेकरी शेकोटी पेटवतो. जळण म्हणजे हाताला लागेल ते: पार्सलचे खोके, नारळाच्या झावळ्या, फुटकी बादली. थोड्या वेळाने रस्ता झाडला जातो आणि गोळा झालेल्या पाचोळ्यालाही काडी लागते. त्या पाचोळ्यात वेफर्सची पाकिटे, दुधाच्या पिशव्या, तुटकी चप्पल, वायरीचा एखादा तुकडा असतोच. तासाभरात ढीग खाली बसतो. पाच-सहा पाट्या कचऱ्याच्या जागी अर्धी पाटी राख उरते आणि जागा स्वच्छ झाल्यासारखी वाटते.

धुराबद्दल निदान कोणी तरी तक्रार करते. डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याला त्रास होतो, खिडक्या लावून घ्याव्या लागतात. राखेबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. धूर दुपारपर्यंत विरतो. राख तिथेच राहते, चपलांना लागून घरात येते, वाऱ्याने उडते आणि पहिल्या पावसात गटारात किंवा जमिनीत जाते. घरगुती कचऱ्याच्या या राखेत शिसे, कॅडमियम, क्रोमियम, तांबे, जस्त असे धातू असतात, आणि मूळ कचऱ्यात असताना ते जितके त्रासदायक होते त्याहून राखेत अधिक त्रासदायक होतात. असे का होते, हे कळले तर काडी लावणारा हात थांबेल, आणि राखेला हात लावणारा सावध होईल.

राखेवरचा विश्वास

राखेला आपण घाबरत नाही, याला कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती घरात वापरली गेली. चुलीतल्या राखेने भांडी घासली, गोवरीच्या राखुंडीने दात घासले, कडधान्याला कीड लागू नये म्हणून डब्यात राख मिसळली, वांग्या-दोडक्यावर मावा पडला की पहाटेच्या दवात राख उधळली. कोकणात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात तेही त्याच अनुभवावर. लाकूड, शेण आणि पाला यांच्या राखेत मुख्यतः कॅल्शियम आणि पोटॅशियमची संयुगे असतात. झाडाने जमिनीतून जे घेतले तेच राखेतून जमिनीला परत मिळते. हा विश्वास खोटा नव्हता.

मधल्या काळात जळण बदलले. जुन्या घरांत आणि शहराच्या कडेच्या गावांत अंघोळीच्या पाण्याचा बंब किंवा हंडा अजून पेटतो. त्यात करवंट्या आणि झावळ्यांबरोबर आता दुधाच्या रिकाम्या पिशव्या, औषधांची पाकिटे, रंग दिलेल्या जुन्या दाराचे तुकडे, प्लायवुड, फाटके रेक्झिन जाते. पेट घ्यायला प्लास्टिकचा कागद बरा पडतो म्हणून तोच आधी जातो. बंबाच्या तळाशी जमणारी करडी भुकटी दिसायला आजीच्या चुलीतल्या राखेसारखीच दिसते, आणि त्याच भरवशाने ती कढीपत्त्याच्या आळ्यात किंवा भांडी घासायच्या डब्यात जाते. डोळ्यांना फरक कळत नाही, वासाने कळत नाही, चिमटीत धरूनही कळत नाही. धोका नेमका इथे आहे.

ढिगात धातू येतात कुठून?

घरच्या कचऱ्यात धातू कुठून येणार, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून जळून थंड झालेला एखादा ढीग काठीने उकरून पाहावा. वितळून खड्यासारख्या झालेल्या प्लास्टिकच्या गाठी, टोपणांचे पत्रे, पाकिटांच्या आतला चंदेरी पापुद्रा, काळवंडलेला सेल, तांब्याची उघडी पडलेली तार, चपलेच्या तळव्याचा कोळसा. यातली प्रत्येक वस्तू कुठला ना कुठला धातू घेऊन आलेली असते.

वायरीवरचे आवरण आणि जुने पाइप पीव्हीसीचे असतात. उष्णतेने पीव्हीसी खराब होऊ नये म्हणून त्यात वर्षानुवर्षे शिशाची संयुगे मिसळली गेली. पिवळ्या, केशरी आणि लाल प्लास्टिकच्या झगझगीत रंगासाठी शिसे, क्रोमियम आणि कॅडमियमची रंगद्रव्ये वापरली जात. जुन्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ मध्ये निघाले आणि त्यानंतर वर्षभराने लागू झाले, पण त्याआधी रंगवलेली लाखो दारे आज मोडीत निघत आहेत आणि सरपण म्हणून जळत आहेत. रेडिओ, चार्जर, खेळण्यांतल्या सर्किटवर कथिल आणि शिशाचा डाख असतो. दाढीच्या यंत्रात आणि जुन्या टॉर्चमध्ये निकेल-कॅडमियमचा सेल असतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. टायर आणि रबरी चपलांत जस्ताचा ऑक्साइड असतो. कमावलेल्या चामड्यात क्रोमियम असते. अगदी निव्वळ पाचोळा घेतला, तरी रस्त्याकडेच्या पानांवर वाहनांची आणि टायरांच्या झिजेची धूळ साचलेली असतेच.

एकेका वस्तूत धातूचे प्रमाण थोडे असते. म्हणून ती वस्तू घरात असताना फारसा अपाय करत नाही. शिसे पीव्हीसीच्या आवरणात अडकलेले असते, कॅडमियम सेलच्या पत्र्यात बंद असते, क्रोमियम चामड्याच्या तंतूंना घट्ट चिकटलेले असते. आग या सगळ्यांची कुलपे एकदम काढते.

आगीत नेमके काय घडते?

जळणे म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग. कागद, अन्न, कापड, प्लास्टिक यांचा बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइड आणि वाफ होऊन उडून जातो. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. कितीही मोठी आग लावली तरी मूलद्रव्य नष्ट होत नाही. त्याची जागा बदलते, रूप बदलते, ते मात्र तेवढेच राहते.

यातून पहिला परिणाम होतो तो दाट होण्याचा. मिठाचे पाणी आटवले की पाणी जाते आणि मीठ तेवढेच राहते, तसे हे आहे. समजा एक किलो कचऱ्यात १०० मिलिग्रॅम शिसे आहे आणि जळून २०० ग्रॅम राख उरली. सगळे शिसे राखेतच राहिले, तर त्या राखेच्या एका किलोत ५०० मिलिग्रॅम शिसे होईल, म्हणजे पाचपट. कचरा जितका जास्त ‘संपला’, तितकी राख जास्त विषारी.

दुसरा परिणाम उडून जाण्याचा. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो जवळजवळ सगळाच वायू होऊन हवेत जातो. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते. शिशाचा उत्कलनबिंदू १,७०० अंशांच्या वर आहे, तेव्हा ते ढिगातच राहायला हवे. पण कचऱ्यात दोन गोष्टी भरपूर असतात: पीव्हीसी आणि खरकट्यातले मीठ. दोन्हींतून क्लोरीन मिळते. क्लोरीनशी संयोग होऊन शिशाचे क्लोराइड तयार झाले की ते सुमारे ९५० अंशांनाच उकळते आणि त्याच्याही खालच्या तापमानाला थोडे थोडे वाफ होऊन निघते. ही वाफ वर जाऊन थंड झाली की धुरातल्या अतिसूक्ष्म कणांवर पुन्हा बसते. कण जितका बारीक, तितके त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, आणि तितके त्यात धातूचे प्रमाण जास्त. म्हणून कचऱ्याच्या मोठ्या भट्ट्यांत तळाशी पडणारी जाड राख आणि धुराड्यातल्या गाळणीत अडकणारी बारीक राख यांत मोठा फरक असतो. तळच्या राखेत लोखंड, तांबे आणि क्रोमियम अधिक राहते. बारीक उडत्या राखेत शिसे, कॅडमियम आणि जस्त एकवटते.

भट्टीला निदान गाळणी असते. रस्त्याकडेच्या ढिगाला धुराडे नाही आणि गाळणीही नाही. बारीक राख शेजारच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर, भाजीच्या गाडीवर बसते. शिवाय ओला कचरा मिसळलेला असल्याने असा ढीग धड पेटत नाही, तासन्‌तास धुमसतो. अर्धवट जळाल्यामुळे डायॉक्सिनसारखी घातक सेंद्रिय संयुगे तयार होतात आणि तीही राखेच्या कणांना चिकटतात.

तिसरा परिणाम सुटे होण्याचा. आवरणात अडकलेले शिसे आता भुकटीत आहे, ती भुकटी पाण्यात भिजते, बोटाला चिकटते, श्वासातून जाते. कमावलेल्या चामड्यातले क्रोमियम त्रिसंयुजी, म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य असते. उघड्या आगीत, चुन्यासारख्या अल्कधर्मी राखेच्या सान्निध्यात, त्याचा काही भाग षट्‌संयुजी होतो. हे रूप पाण्यात सहज विरघळते आणि कर्करोगकारक म्हणून ओळखले जाते. म्हणून जुनी चप्पल आगीत टाकणे ही साधी गोष्ट नाही.

राख धोकादायक आहे की नाही, हे ठरवायची चाचणीही याच सुटेपणावर आधारलेली आहे. राख तिच्या वीसपट सौम्य आम्लयुक्त पाण्यात टाकून अठरा तास घुसळतात आणि त्या पाण्यात किती धातू उतरला ते मोजतात. कचराभूमीत कुजणाऱ्या अन्नाचे आंबट पाणी राखेतून झिरपले तर काय होईल, याची ती नक्कल असते. भारताच्या घातक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत या पाण्यात एका लिटरमागे शिशासाठी ५ मिलिग्रॅम आणि कॅडमियमसाठी १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. त्याहून अधिक उतरले तर ती राख साधा कचरा राहत नाही, तिची विल्हेवाट घातक कचरा म्हणून लावावी लागते.

बंगळुरू आणि शिसे

शिशाच्या विषबाधेकडे भारताचे लक्ष वेधण्यात बंगळुरूचा वाटा मोठा आहे. इथल्या जॉर्ज फाउंडेशनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सात शहरांतल्या सुमारे २२ हजार लोकांच्या रक्तातले शिसे तपासले. बारा वर्षांखालच्या निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात ते एका डेसिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या वर निघाले. फेब्रुवारी १९९९ मध्ये बंगळुरूत यावर आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि पुढच्याच वर्षी देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. तुप्पिल वेंकटेश यांनी शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय संदर्भ केंद्र उभे केले आणि रंगांतल्या शिशाविरुद्ध अनेक वर्षे आवाज उठवला.

पेट्रोलमधून शिसे गेले, पण कचऱ्यातून गेले नाही. २००९ साली जपानी आणि भारतीय संशोधकांनी बंगळुरूतील ई-कचऱ्याच्या मोडतोडीच्या जागांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माती, हवेतली धूळ आणि कामगारांचे केस त्यांनी तपासले. तिथल्या मातीत तांबे, जस्त, कॅडमियम, अँटिमनी, पारा आणि शिसे यांचे प्रमाण इतर जागांपेक्षा जास्त होते. काही नमुन्यांत तांबे, अँटिमनी, पारा आणि शिसे यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची तपासणी-मर्यादा ओलांडली होती, आणि पुरुष कामगारांच्या केसांतही तांबे, कॅडमियम, शिसे असे धातू वाढलेले आढळले. कचऱ्यातला धातू माणसाच्या अंगापर्यंत पोहोचतो, याचा हा याच शहरातला पुरावा आहे.

शिशाचा सर्वात मोठा मारा लहान मुलांवर होतो. रांगणारे मूल जमिनीवर हात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांच्या शरीरात प्रौढांच्या चार ते पाच पट शोषले जाऊ शकते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाला लोह आणि कॅल्शियम कमी मिळत असेल तर हे शोषण आणखी वाढते, म्हणजे गरिबाच्या मुलाला दुहेरी फटका. शिसे मेंदूच्या वाढीत अडथळा आणते. बुद्धी, एकाग्रता, वागणूक यांवर होणारा परिणाम आयुष्यभर टिकतो. रक्तातून ते हाडांत जाऊन दशकानुदशके साठून राहते आणि गरोदरपणात हाडांतून सुटून पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मध्ये केलेल्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात एका डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त शिसे आहे, आणि त्यांतली २७ कोटींहून अधिक मुले भारतातली आहेत. याला जुन्या बॅटऱ्यांची मोडतोड, भेसळीचे मसाले, रंग, भांडी अशी अनेक कारणे आहेत. कचऱ्याची राख हे त्यातले एक, आणि टाळायला सर्वात सोपे.

कॅडमियमची वाट वेगळी आहे. शिसे मातीला धरून राहते. पिकाच्या मुळांतून ते फारसे वर चढत नाही, त्याचा धोका पानांवर बसलेल्या धुळीतून जास्त. कॅडमियम मात्र मुळांतून सहज चढते आणि पालक, चुका यांसारख्या पालेभाज्यांत साठते. माणसाच्या मूत्रपिंडात ते दहा ते तीस वर्षे मुक्काम करते. जपानच्या तोयामा प्रांतात जिन्झू नदीत खाणीतले कॅडमियम आले, त्या पाण्यावर भात पिकला, तो भात खाऊन लोकांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडत. १९६८ साली सरकारने या आजाराचे कारण मान्य केले. तिथले प्रमाण राखेच्या ढिगापेक्षा कितीतरी मोठे होते, पण जमिनीतून ताटात येण्याचा मार्ग हाच होता.

राख लपवायला गेलेली शहरे

राखेला निरुपद्रवी समजण्याची चूक मोठमोठ्या शहरांनीही केली आहे. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात बायकर इथल्या कचराभट्टीची राख १९९० च्या दशकात लोकांच्या भाजीच्या वाफ्यांमधल्या पायवाटांवर पसरण्यात आली. चिखल होऊ नये, हा साधा हेतू. या राखेत तळच्या राखेबरोबर उडती राखही मिसळलेली होती. पुढे तपासणी झाली तेव्हा त्यात डायॉक्सिन आणि जड धातू सापडले आणि तिथल्या कोंबड्यांची अंडी खाऊ नका, असे लोकांना सांगावे लागले. पसरलेली राख नंतर उकरून काढावी लागली.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराची कथा तर जगभर गाजली. १९८६ मध्ये तिथल्या कचराभट्ट्यांची सुमारे १४ हजार टन राख घेऊन ‘खियान सी’ नावाचे जहाज निघाले. एकामागून एक देशांनी ते परत पाठवले. १९८८ च्या सुरुवातीला त्यातली सुमारे ४ हजार टन राख ‘खत’ म्हणून हैतीच्या किनाऱ्यावर उतरवली गेली, आणि उरलेली समुद्रात टाकून जहाज रिकामे झाले. अशा घटनांमुळे घातक कचरा देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध घालणारा बाझल करार १९८९ मध्ये झाला. हैतीतली राख हलवायला २००० साल उजाडले आणि २००२ मध्ये ती पेनसिल्व्हेनियातच, म्हणजे जिथून निघाली त्याच राज्यात, पुरण्यात आली. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की भट्टीत जाणारा कचरा घरगुती असला, तरी बाहेर पडणाऱ्या राखेला घातक कचऱ्याच्या नियमांतून सूट मिळणार नाही.

आज ज्या देशांत कचरा जाळून वीज करतात, तिथे उडत्या राखेवर मोठा खर्च होतो. डेन्मार्क आणि स्वीडनची राख नॉर्वेतल्या लँगोया बेटावर प्रक्रियेसाठी गेली. जर्मनीने ती खोल मिठाच्या खाणींत ठेवली. स्वित्झर्लंडमध्ये ती आम्लाने धुऊन त्यातून जस्त परत मिळवतात. कचरा जाळण्याचा खरा हिशेब राखेपाशी पूर्ण होतो.

बंगळुरूचा कचरा, बंगळुरूची राख

बंगळुरूच्या कचऱ्याचा प्रश्न २०१२ मध्ये चव्हाट्यावर आला. मावळ्ळीपुराच्या गावकऱ्यांनी आपल्या गावातली कचराभूमी बंद पाडली आणि रस्तोरस्ती ढीग साचले. मग भार मंडूरवर गेला. तिथल्या लोकांनीही वर्षानुवर्षे दुर्गंधी आणि बिघडलेले पाणी सोसले, आंदोलन केले आणि २०१४ च्या अखेरीस तिथेही कचरा टाकणे थांबले. उच्च न्यायालयात जनहित याचिका चालली आणि डिसेंबर २०१५ मध्ये ‘दोन डबे, एक पिशवी’ ही पद्धत ठरली: ओल्या कचऱ्याला हिरवा डबा, डायपर-पट्ट्यांसारख्या टाकाऊ कचऱ्याला लाल डबा आणि सुक्या कचऱ्याला पिशवी. हसिरू दळासारख्या संघटनांनी कचरावेचकांना ओळखपत्रे मिळवून दिली, सुक्या कचऱ्याच्या संकलन केंद्रांत काम मिळवून दिले. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने जे काम उभे केले, त्याच जातीचे हे काम.

देशाच्या कचरा कायद्यामागेही बंगळुरूची एक रहिवासी आहे. अल्मित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, त्यातून २००० सालचे पहिले घनकचरा नियम आले. पुढे त्यांच्याच प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली. साध्या जाळण्याला ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५ हजार रुपये दंड ठरला. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी कचरा फेकणे, जाळणे आणि पुरणे तिन्ही गोष्टी मना केल्या.

तरी ढीग पेटतातच, कारण पेटवणाऱ्यापुढे पर्याय नसतो. कचरा नेणारा टिप्पर दोन दिवस आला नाही की कोपऱ्यावर ढीग साचतो. बंगळुरूत अशा जागेला ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणतात. पौरकार्मिकाला, म्हणजे रस्ता झाडणाऱ्या सफाई कामगाराला, कोपरा मोकळा दिसावा म्हणून वरून तगादा असतो, पाचोळा न्यायला गाडी नसते. मग काडी लावणे हाच मार्ग उरतो, आणि धूर आणि राख सर्वांत आधी त्याच माणसाच्या नाकातोंडात जाते. दंडाची पावती त्याच्या हातात देऊन हा प्रश्न सुटणार नाही.

मोठ्या भट्टीचाही विषय आता आला आहे. शहराबाहेर बिडदी इथे कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशन आणि महापालिकेने मिळून रोज ६०० टन कचऱ्यावर ११.५ मेगावॉट वीज करण्याचा प्रकल्प उभारला. अशा भट्टीत कचऱ्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढी राख धरली, तरी पूर्ण क्षमतेने चालल्यास रोज शंभर टनांहून अधिक राख निघेल. २०१६ च्या नियमांनी अशा भट्ट्यांसाठी किमान तापमान, धुरातल्या पारा, कॅडमियम, शिशावर मर्यादा, आणि राखेत विषारी धातू मर्यादेबाहेर निघाले तर ती घातक कचऱ्याच्या केंद्रात पाठवण्याची सक्ती घातली. या राखेला कोळशाच्या वीज केंद्रातल्या राखेशी एकाच मापाने मोजू नये. कोळसा ठरावीक खाणीतून येतो, कचरा रोज वेगळा येतो, म्हणून राखेचीही नेमाने तपासणी व्हावी लागते. अशी राख विटांत, भरावात किंवा शेतात परस्पर जाऊ लागली, तर न्यूकॅसलच्या पायवाटा आपल्याकडेही होतील.

घराघरातून काय करता येईल?

राखेतला धातू काढून टाकणे महाग आणि अवघड आहे. तो आगीत जाऊच न देणे स्वस्त आहे, आणि ते काम स्वयंपाकघरातच होते. बंगळुरूच्या घरगुती कचऱ्यात निम्म्याहून अधिक भाग ओला असतो. त्याचे खत घरात, सोसायटीत किंवा बागेत होऊ शकते. याच शहरात २००६ पासून ‘डेली डंप’ या उपक्रमाने मातीचे ‘खंबे’, म्हणजे खत करायची मडकी, विकून बाल्कनीतले खत घराघरांत पोहोचवले. पाचोळ्यासाठी जाळीचा साधा पिंजरा पुरतो: पाने दाबत जायची, मधून मधून शेणाचे पाणी किंवा ताक शिंपडायचे, काही महिन्यांत काळे भुसभुशीत खत तयार होते.

सेल, ट्यूबलाइट, सीएफएल, वायरी, चार्जर, थर्मामीटर, रंगाचे डबे यांची पिशवी घरात वेगळीच ठेवावी. ती भरली की सुक्या कचऱ्याच्या केंद्रात किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराकडे त्याची मागणी करायला आपण लाजू नये. बंबात आणि शेकोटीत लाकूड, करवंट्या, झावळ्या एवढेच जावे. रंग दिलेले, पॉलिश केलेले किंवा चिकटवलेले लाकूड जाऊ नये. अशा स्वच्छ जळणाची राख झाडांना थोडी घालायला हरकत नाही. ज्या आगीत प्लास्टिक, रबर किंवा रंग गेला, तिची राख झाडाला, भांड्यांना, बियाण्याला आणि कोंबड्यांच्या खुराड्यात वापरू नये.

अंगणाजवळ असा जळका ढीग आधीच असेल, तर कोरड्या झाडूने तो झाडू नये. झाडले की बारीक कण उडतात आणि छातीत जातात. आधी पाणी शिंपडावे, हातमोजे आणि चांगला मास्क घालून राख जाड पिशवीत भरावी आणि ती कचऱ्याची राख आहे असे सांगून कचरा नेणाऱ्याकडे द्यावी. त्या जागेवर निदान काही इंच चांगली माती टाकावी आणि तिथे पालेभाजी लावू नये. मुलांना तिथे खेळू देऊ नये. बाहेरून आल्यावर चपला दाराबाहेर ठेवणे आणि जेवणाआधी साबणाने हात धुणे या जुन्या सवयी शिशाच्या विरोधात उत्तम काम करतात. मूल नेहमी अशा जागी खेळत असेल, त्याची वाढ खुंटली असेल किंवा पोट वारंवार दुखत असेल, तर डॉक्टरांना विचारून रक्तातले शिसे तपासून घ्यावे, आणि आहारात नाचणी, दूध, पालेभाज्या, डाळी असाव्यात. नाचणी तर या भागाचे रोजचे अन्न आहे. तिच्यातले कॅल्शियम शिशाला आतड्यातून शोषले जाण्यापासून काही प्रमाणात अडवते.

आणि नागरिक म्हणून मागायच्या गोष्टीही आहेत. वॉर्डात पाचोळ्यासाठी वेगळी गाडी आणि जागा हवी. पौरकार्मिकाला कचरा वेळेत उचलला जाईल याची हमी हवी, म्हणजे त्याला काडीची गरज पडणार नाही. बिडदीसारख्या प्रत्येक प्रकल्पाने राखेची तपासणी किती वेळा केली, त्यात शिसे आणि कॅडमियम किती निघाले, ती राख कुठे गेली, हे आकडे लोकांसमोर ठेवले पाहिजेत. धुराचे आकडे फलकावर झळकतात, तसेच राखेचेही झळकले पाहिजेत. बंगळुरूने पेट्रोलमधल्या शिशावर देशाला बोलायला लावले आणि कचऱ्यावरचा कायदाही इथूनच सुरू झाला. राखेचा हिशेब मागायलाही सुरुवात याच शहरातून व्हायला हवी, आणि पुणे, मुंबई, नागपूरने त्याच्या मागे लगेच उभे राहायला हवे.